पहिल्या वाटणीतले एक्के

पहिल्याच वाटणीत तीन एक्के आले आणि सूर्यभान दहातोंडेच्या पोटात बारीक कळ उठली. आनंदाची म्हणावी तर तोंडाला कोरड पडली होती, भीतीची म्हणावी तर कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. बदामचा एक्का पहिला दिसला, त्याच्यामागून चौकटचा डोकावला. तिथंच थांबावं असं त्याच्या मनात आलंही, पण अंगठ्याने तिसरं पान आपसूक सरकवलं आणि इस्पिकचा एक्का, काळाभोर, मयताला आलेल्या लांबच्या पाहुण्यासारखा मधोमध येऊन उभा राहिला. सूर्यभानने पानं जुळवली, सतरंजीवर पालथी घातली आणि उसासा सोडला. सोडला म्हणण्यापेक्षा सुटला. आयुष्यात त्याच्या हाती जेव्हा जेव्हा काही चांगलं आलं तेव्हा तेव्हा हा उसासा आधी बाहेर पडला होता, दार उघडायच्या आत कुत्रं पायातून निसटावं तसा. आडनाव दहातोंडे, पण गडी एक तोंडही धड उघडत नसे. जे काही बोलायचं ते हा उसासाच बोलायचा, आणि उलटं बोलायचा. समोर त्याचा मुलगा कानिफ बसला होता. कानिफने आपली पानं अजून उचलली नव्हती. तो बापाकडे बघत होता.

नगरच्या त्या कचेरीत पोळ्यानंतरच्या रविवारी पत्त्यांचा फड बसे. कचेरीतले निम्मे लोक खेड्यापाड्यांतून आलेले. बैल गावी राहिलेले, नाहीतर केव्हाच विकलेले, दावण भावाच्या वाट्याला गेलेली. शहरातल्या दोन खोल्यांत मातीच्या बैलजोडीला हळदकुंकू लावून त्यांचं पोट भरत नव्हतं. म्हणून कधीकाळी कुणीतरी ही टूम काढली होती. दुपारची जेवणं झाली की मागच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरायच्या, प्रत्येकाला एकेक चिपटं चिंचोके मापून द्यायचे आणि तीन पानी खेळायची. ज्याला पानं पटतील त्याने मध्ये चिंचोके टाकायचे, पुढच्याने तितके तरी टाकायचे नाहीतर दुप्पट, तेही जमत नसेल तर पानं फेकून गप बसायचं. शेवटी दोघं उरले की पानं उघडायची. चिंचोके संपले तो उठला. असं करत करत जो एकटा उरेल त्याच्या अंगावर खरीखुरी झूल घालायची, गळ्यात घुंगुरमाळ बांधायची आणि शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांनी त्याला ओवाळून पुरणपोळी भरवायची. भल्या भल्या मिशांची माणसं त्या झुलीसाठी वर्षभर झुरत. एका वर्षी एका नाझराने ती अंगावरून काढूच दिली नाही आणि सोमवारी तशीच पांघरून तो टपाल उघडायला बसला, असं सांगतात. त्या दिवशी कचेरीत आलेल्या एकाही माणसाने हरकत घेतली नाही, उलट कामं भराभर झाली, हेही सांगतात. घुंगरं वाजली की लोक आपोआप बाजूला सरत होते.

सूर्यभानला ती झूल कधी मिळाली नव्हती. पण तो लवकर कधी उठलाही नव्हता. शेवटच्या तिघांत त्याची मांडी ठरलेली, आणि शेवटच्या दोघांत त्याचं हरणंही. सुरुवातीला मोठी पानं आली की तो ती तान्ह्या पोराला उन्हातून नेल्यासारखी झाकून खेळायचा. त्याचं म्हणणं असं की फड नुकताच बसलेला असतो, सगळ्यांची चिपटी भरलेली असतात, कुणाला कशाची निकड नसते; अशा वेळी तुम्ही मूठ भरून चिंचोके मध्ये ओतले की शहाणी माणसं पानं फेकतात आणि तुमच्या राजाराणीला मिळतं काय, तर मधले चार चिंचोके. आणि एखादा वेडा निघालाच अंगावर येणारा, तर सबंध दुपार पुढं असताना तुम्ही पहिल्याच तासात उघड्यावर येता. म्हणून मोठं पान आलं की तोंड पाडायचं, एकेक चिंचोका नाइलाजाने टाकल्यासारखा टाकायचा, दुसऱ्यांना वाढू द्यायचं. हे सगळं बरोबरच होतं. पत्त्यात ते बरोबरच होतं. कचेरीतल्या नव्या पोरांना तो हे समजावून सांगायचा तेव्हा पोरं माना डोलवायची आणि मागून म्हणायची, दहातोंडे साहेबांना एक्के आले की घरात सुतक आल्यासारखं वाटतं.

हे त्याला कुणी पत्त्यात शिकवलं नव्हतं. त्याचा बाप भिमाजी, ज्याला सगळे तात्या म्हणत, घोडेगावच्या बाजारात बैलांचा दलाल होता. तात्या बैलाच्या शेपटीला हात लावून त्याच्या आजीचं गाव सांगायचा असं अजून सांगतात. त्याने एकदा तीन पायांचा बैल चार पायांच्या भावाने विकला आणि घेणारा चौथा पाय शोधायला पुढच्या बाजारी परत आला तेव्हा त्याला त्याच भावात शेपूट नसलेली गाय दिली, असंही सांगतात. निम्मं सोडून दिलं तरी उरलेलं खोटं म्हणवत नाही. बाजारात शिरलं की तात्याला लागलीच कळायचं आपल्याला कुठलं जनावर हवंय, आणि त्याच क्षणी तो त्याच्याकडे पाठ करायचा. सकाळभर तो नको असलेल्या बैलांचे दात बघत, पाय उचलत, कौतुक करत हिंडायचा. ऊन डोक्यावर आलं की पाणी प्यायला म्हणून त्या हव्या असलेल्या बैलापाशी टेकायचा आणि उसासा टाकायचा. मग नावं ठेवायला सुरुवात. खांदा बसका हाय, डोळ्यात पाणी हाय, चालताना मागला पाय वडतो. मालक चिडला की तात्या उठून चालू लागायचा. दोन झाडं ओलांडायचा, आणि तिसऱ्या झाडापासून परत फिरायचा. मग उपरण्याखाली दोघांचे हात जायचे, बोटं बोटांना बोलायची आणि बैल तात्याचा व्हायचा. सूर्यभान लहानपणी शेजारी बसून हे बघायचा. बोटांचे आकडे शिकवायला तात्या कधी कधी त्याचाही हात उपरण्याखाली घ्यायचा. बापाने हात हातात धरल्याची त्याची आठवण तेवढीच, अंधारातली, घामट, आणि प्रत्येक दाबाला काहीतरी किंमत असलेली.

उलटंही शिकायला मिळालं. दावणीला एखादं जनावर खोडीचं निघालं की तात्या त्याची तारीफ सुरू करायचा. आधी घरात, मग आळीत, मग बाजारात. स्वभावानं गाय, कामाला वाघ, कुठंबी जाऊ द्या, नाव काढंल. हे शब्द ऐकू आले की सूर्यभानची आई त्या जनावराच्या कपाळावरून हात फिरवून घ्यायची, कारण येत्या बाजारी ते जायचं. एका उन्हाळ्यात तात्या जेवताना म्हणाला, आपला सूर्यभान लई हुशार हाय, डोक्यानं वाघ हाय. आईचा हात भाकरीवर थांबला. पुढच्या महिन्यात आठ वर्षांचा सूर्यभान नगरच्या बोर्डिंगात होता, पत्र्याच्या पेटीवर बसून, आणि त्याला कळत होतं की आपल्याला दिलं. शिकायला पाठवलं हे त्याला पुढं कळलं, पन्नास लोकांनी सांगितलं, त्याने स्वतः इतरांना सांगितलं. पण पोटात कुठंतरी ते तसंच राहिलं, की आपली तारीफ झाली आणि आपण गेलो. कानिफ झाला तेव्हा बाळाला पहिल्यांदा हातात घेऊन त्याने उसासा टाकला आणि म्हणाला, काळाच हाय की. चांगुणा बाळंतिणीच्या खाटेवर हसली. तिला वाटलं नवरा लाजतोय. सूर्यभान लाजत नव्हता. तो पोराकडे पाठ करत होता, म्हणजे कुणाला कळू नये, की हे हवंय.

"दहातोंडे, टाका की काहीतरी," आप्पासाहेब म्हणाले. आप्पासाहेब निवृत्त होऊन वर्षं झाली तरी दर पोळ्याला येत, आणि पानं न बघता खेळत. बघितली की मनाला लागतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी न बघताच चार चिंचोके मध्ये सारले होते. कचेरीचा ड्रायव्हर दानीएल गल्लीतल्या ख्रिस्ती देवळात रविवारची उपासना आटोपून सरळ इथं यायचा. बायबल त्याने खिडकीत ठेवलं होतं आणि त्याच्यावर रुमाल टाकला होता, त्याला पत्ते दिसू नयेत म्हणून. त्याने पानं बघितली, चेहरा वाकडा केला आणि फेकली. सूर्यभानने दोन बोटांत धरून चिंचोके पुढं केले, एखादा दंड भरावा तसे. "बघू, जातंय तर जाऊ द्या," तो पुटपुटला. मग कानिफने पानं उचलली. सूर्यभानने मान खाली घातली, तरी त्याला पोराची बोटं दिसत होती. लांब, काळी, नखांत खडीची पूड बसलेली.

ती पूड जायला हवी होती, असं त्याला वाटलं. आज तरी नखं कापून जायला हवं होतं. कानिफ आज संध्याकाळच्या नागपूरच्या एस.टी.ने जाणार होता, तिथून चांद्याच्या कोळशाच्या खाणीत, कसल्याशा हिशेबनिसाच्या जागेवर. ही जागा त्याने स्वतःच शोधली होती आणि घरात सांगितलं तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. पेटी सकाळीच मित्राच्या खोलीवर, स्टँडजवळ, नेऊन ठेवली होती. आईच्या पाया पडून झालं होतं. चांगुणाने सकाळी नवऱ्याला मोरीपाशी गाठलं होतं. ती फार बोलणारी बाई नव्हती. दलालाच्या घरात सून म्हणून येऊन तिने ऐकायचंच काम जास्त केलं होतं. "आज तरी त्याच्याशी चांगलं बोला," ती म्हणाली. "असा गेला तर तो परत यायचा न्हाई. मला दिसतंय." सूर्यभानने चूळ भरली, थुंकली आणि म्हणाला, बघू. पण ते त्याच्या मनात सकाळपासून खिळ्यासारखं घुसून बसलं होतं. पोरगं जात होतं, ते जायच्या आत काहीतरी बोलायचं होतं. पोराला चहाला घेऊन जाणं, पोराच्या खांद्यावर हात टाकणं, हे त्याला येत नव्हतं. त्याने एवढंच विचारलं, येतो का फडात, तासभर. कानिफ येतो म्हणाला. बाप-लेक शेजारी शेजारी चालत आले आणि सबंध रस्ता दोघं यंदाच्या पावसाबद्दल बोलले, जो पडलाच नव्हता.

मागच्या वर्षी एकदा दार वाजलं होतं. कानिफच्या कॉलेजातले रसायनाचे प्राध्यापक, शांतवन उजागरे, सायकल भिंतीला लावून आत आले. बारीक चणीचे, स्वच्छ बोलणारे. खुर्चीवर टेकले आणि आढेवेढे न घेता म्हणाले, तुमच्या मुलाला पुण्याला पाठवा, एम.एस्सी.ला, राहण्याचं, शिष्यवृत्तीचं मी बघतो, असा मुलगा मला इतक्या वर्षांत मिळाला नव्हता. सूर्यभानच्या पोटात तीच कळ उठली. छातीत काहीतरी इतकं फुगलं की त्याला भिंतीचा आधार घ्यावासा वाटला. आणि उसासा सुटला. "कसलं काय सर," तो म्हणाला. "नुसती घोकंपट्टी हाय. हातात काम दिलं की बोंब. तुमची एखादी बाटली फोडंल, अन् तुमचंच नाव जाईल." त्याला वाटत होतं सर आता वाढवतील. छे छे म्हणतील, हट्ट धरतील, दुसऱ्यांदा विचारतील, तिसऱ्यांदा. मग तो म्हणेल, बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर. पण सर बाजारातले नव्हते. त्यांच्या ख्रिस्ती लोकांत देवाशीसुद्धा मोठ्याने, सरळ बोलायची रीत. ते कुणी काही सांगितलं तर तेच समजायचे. त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही वडील आहात," ते म्हणाले, "तुम्हाला जास्त माहीत." चहा संपवला, सायकल घेतली. सूर्यभान दारात उभा राहून बघत होता. गल्लीत दोन कडुनिंब होते, ते सायकलने ओलांडले. पुढं पिंपळ होता. पिंपळापासून ती वळेल असं त्याला खरोखर वाटत होतं. मग तो आत आला तर मधल्या पडद्याच्या मागं कानिफ उभा होता, हातात तांब्या, पाणी द्यायला आलेला. तांब्या काठोकाठ भरलेला होता आणि त्यातला थेंबही हलत नव्हता.

त्याबद्दल पोरगं एक अक्षर बोललं नाही. सूर्यभानही बोलला नाही. सर परत येतील म्हणून तो थांबला, कानिफ स्वतः विषय काढील म्हणून थांबला, दिवाळी होऊन जाऊ दे म्हणून थांबला. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांची हजेरी घ्यायला कानिफ जाऊ लागला तेव्हाही तो थांबलेलाच होता, आणि मनात म्हणत होता की पोराला आतून ठाऊकच असणार. आपल्या घरातली भाषा आहे. सुट्टीत आजोबाच्या मांडीवर बसून हाच पोरगा घोडेगावचा सबंध बाजार शिकला होता. उपरण्याखाली बोटं घालून तात्याला कोड्यात पाडायचा. ज्याला बैलाचं कळतं त्याला एवढं कळणार नाही?

कानिफने आपली तीन पानं बघितली, नीट लावली आणि चिंचोक्यांना हात न लावता बापाच्या तोंडाकडे पुन्हा बघितलं. मग ती पानं त्याने उताणी मध्ये टाकली. इस्पिकची अठ्ठी, नव्वी, दश्शी.

दानीएल पुढं वाकला. "अरे, एका रंगाचा रन टाकला पोरानं," तो सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला. "उन्हात हिंडून डोकं फिरलंय याचं. माणसं याच्यावर घरदार लावतात."

"आप्पासाहेब, तुम्हीही पानं टाका," कानिफ बापाकडे मानेने दाखवत म्हणाला. "नानांकडं तीन एक्के आहेत. नसले तर तीन राजे."

आप्पासाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा पानं न बघता फेकली. मग त्यांनी हात लांब करून सूर्यभानची पानं उलटी केली, तो नको नको म्हणेपर्यंत. तिन्ही एक्के ओळीने उघडे पडले. आजूबाजूच्या सतरंज्यांवरून लोक उठून बघायला आले, कुणी कानिफच्या पाठीत थाप मारली, कुणी म्हणालं, याला ट्रेझरीत घ्या. सूर्यभानने मधले चिंचोके ओढून घेतले. मूठसुद्धा भरली नाही. असे एक्के पुन्हा जन्मात यायचे नव्हते. पण त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. त्याच्या मनात एक दिवा लागला होता आणि तो वाढत चालला होता: पोराला कळतं. पोराला आपला पडलेला चेहरा वाचता येतो. मग सगळंच कळत असलं पाहिजे, पहिल्यापासून, काळाच हाय की म्हणालो तेव्हापासून. बावीस वर्षं आपण उगाच जिवाला खात आलो. तो दिवा विझायच्या आत विचारून घ्यावं म्हणून तो पुढं सरकला.

"कसं कळलं तुला?"

"तुमचा चेहरा पडला," कानिफ म्हणाला. वाटायची पाळी त्याची होती; तो पानं पिसत होता. "तो उगाच पडत नाही."

"मग," सूर्यभानने आवाज आणखी खाली नेला, "उजागरे सर आले हुते तवाबी पडलाच हुता की माझा चेहरा. तवा तुला..."

कानिफची बोटं थांबली नाहीत. पानं एकमेकांत शिरत राहिली, फडफडत, निवांत. त्याचा आवाजही चढला नाही. जणू आप्पासाहेबांना काटायला पानं देताना जाता जाता काही सांगावं तसा तो बोलला. "नाना, गिऱ्हाईक नावं ठेवतं ते त्याला घ्यायचं असतं म्हणून. शेवटी ते उपरण्याखाली हात घालतं, दावं सोडतं, जनावर घरी नेतं. आजोबा तिसऱ्या झाडापासून परत फिरायचे. तुम्ही नावं ठेवली आणि तसेच पुढं गेलात. मी बघत होतो, परत फिरताय का. आता मी विकायला नाही."

दानीएल आणि आप्पासाहेब आपापल्या चिंचोक्यांकडे बघू लागले. सूर्यभानला वाटलं की हॉलमधली हवा कुणीतरी घडी घालून नेली. समोर पानं पडत होती, एकेक, पालथी, त्याने उचललीच नाहीत. चांगुणाचे शब्द डोक्यात घणासारखे पडत होते, चांगलं बोला, आज तरी चांगलं बोला. बोलायचं तर आत्ता, सगळ्यांदेखत, मोठ्याने, जे आहे ते सगळं मध्ये ओतून. तो जन्मात असं खेळला नव्हता. तो गुडघ्यांवर उभा राहिला. लोक अजून भोवती होतेच.

"ऐका," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्याला अनोळखी वाटला, जाड आणि बाजारी. "हा माझा कानिफ. सबंध जिल्ह्यात याच्या डोक्याचं पोर न्हाई. स्वभावानं गाय, कामाला वाघ. कुठंबी जाऊ द्या, नाव काढंल."

शेवटचे शब्द तोंडातून बाहेर पडताना त्याने ते ऐकले. ते त्याचे नव्हतेच. त्याला दुसरे येतच नव्हते. चांगलं बोलायचं म्हटलं तर त्याच्यापाशी एवढंच साठवलेलं होतं, घोडेगावच्या धुळीत, एका लंगड्या ढवळ्या बैलाच्या कासऱ्याला धरून उभ्या असलेल्या माणसाचं. मग आप्पासाहेबांनी घसा साफ केला. "काय दहातोंडे, दात बघायचे का?" ते म्हणाले, आणि हॉल हसला. वाईट हसला नाही. पोळ्याला हसतात तसा हसला. कानिफही हसला. सूर्यभानला ते सहन झालं नाही, कारण ते हसू खरं होतं, मोकळं, एखादी गाठ सुटल्यावर येतं तसं. पोराच्या चेहऱ्यावर त्याने ते फार वर्षांत बघितलं नव्हतं.

"बरं झालं नाना," कानिफ म्हणाला. "जाताना मनात जरा किंतु होता. तुम्हीच मोकळं केलंत." त्याने आपले चिंचोके ओंजळीने उचलून दानीएलच्या ढिगात ओतले, काका, तुमच्याकडं राहू द्या म्हणाला, आणि वाकून बापाच्या पायांना हात लावला. ती बोटं पायाला टेकली आणि उचलली गेली. त्यांत कसलाही दाब नव्हता, कसलाही आकडा नव्हता. मग चपला शोधत, माणसांतून वाट काढत, तो गेला.

सूर्यभान आणखी काही हात खेळला. चिंचोके समोर असताना उठायची पद्धत नव्हती. न बघता तो मुठी भरून टाकत गेला आणि त्या दुपारी त्याला गंमत अशी दिसली की तो जिंकू लागला. लोक घाबरून पानं फेकू लागले, ढीग वाढू लागला, कुणीतरी म्हणालं, यंदा झूल दहातोंडेंची. तेव्हा त्याने सबंध ढीग दानीएलकडे लोटला, पोट दुखतंय असं सांगितलं आणि बाहेर पडला. ऊन उतरायला लागलं होतं. रस्त्याने एक माणूस दोन हडकुळे बैल घेऊन चालला होता, शिंगांना परवाचा हिंगूळ, पाठीवर रंगाचे ठसे, आणि बरगड्या मोजून घ्याव्यात इतक्या वर. कुठं नेतोस म्हणून सूर्यभानने विचारलं नाही. यंदा सगळी जनावरं एकाच दिशेला चालली होती आणि त्यांना नावं ठेवायला किंवा त्यांची तारीफ करायला कुणी थांबत नव्हतं.

चांगुणा उंबऱ्याच्या आत जमिनीवर बसली होती, हातात काही काम नसताना. तो आत आला, टोपी खुंटीला लावली. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. "बोललात का?"

"बोललो."

"काय म्हनलात?"

त्याने खुंटीवरची टोपी सरळ केली. मग भिंतीकडे बघत, पाठांतर म्हणून दाखवावं तसं त्याने सगळं सांगितलं, डोक्याचं, गाईचं, वाघाचं, नाव काढायचं. त्याचं संपलं तेव्हा चांगुणाने पदराचं टोक तोंडावर धरलं आणि पुन्हा खाली सोडलं. रडली नाही.

"मामंजी म्हनायचे तसंच म्हनलात," ती म्हणाली.

"तूच म्हनली चांगलं बोला."

"तारीफ कुनी मागितली हुती?" तिचा आवाज थकलेला होता, त्यात राग कुठं नव्हता. "त्याला बरं म्हना न्हाईतर वाईट म्हना, त्याला काय त्याचं. जाऊ नको म्हनायचं हुतं. तेवढंच. मी म्हनले, रोजच म्हनते, माझ्यानं तो थांबत न्हाई. तुमी एकदा म्हनायला पायजे हुतं."

सूर्यभान होता तिथंच उभा राहिला. जाऊ नको. दोन शब्द होते, लहान, आणि ते बाजारात कुणी कधी वापरलेले त्याने ऐकले नव्हते. त्याने ते मनातल्या मनात म्हणून बघितले. पोटात कळ उठली, तीच, दुपारसारखी, कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्याला पक्कं कळलं की याच्यावर चढणारं कुणाकडं काही नाही. हे दोन शब्द पोराच्या समोर ठेवले तर पोरगं थांबेल, निदान पेटी खाली ठेवील, निदान मागं वळून बघील.

"अजून गाडी लागली नसंल," चांगुणा म्हणाली. "जावा की."

त्याने टोपी परत घातली. चपला पायात सरकवल्या. स्टँड काही लांब नव्हता, गल्ली संपली की पिंपळ, पिंपळापुढं मोठा रस्ता, आणि मग दिसायलाच लागायचा. पायरीवर येऊन तो थांबला. आत्ता गेलं तर तिथं मित्र असतील, चहा चालला असेल, हसणं असेल. चारचौघांत ते शब्द वाया जातील. आत्ता म्हटलं तर पोराला विचार करायला वेळ मिळेल, नाही म्हणायला वेळ मिळेल. गाडी भरली, पेटी टपावर चढली, कंडक्टरने दार ओढलं, की खिडकीपाशी जाऊन म्हणावं. तेव्हा त्याला कळेल की त्या दोन शब्दांत किती आहे ते. घाई करून उपयोग नाही. त्याच्या तोंडून उसासा सुटला. आतून चांगुणाने विचारलं, का थांबलात, तेव्हा त्याने हाताने जरा दम धर अशी खूण केली आणि पायरीवर टेकला.

गाडीला अजून वेळ होता.